मुरलीभाऊंचं माइक टेस्टिंग

मुरलीभाऊ कुणाच्याही शेतावर गेले की जमीन किती, पीक कुठलं, पाणी कुठून, यातलं काहीही विचारत नाहीत. चपला काढतात, तांब्याभर पाणी पितात, मिशी पुसतात आणि घरच्या कर्त्या माणसाकडे रोखून बघत एकच प्रश्न टाकतात, "तुमी कुनाचं ऐकता?"

पहिल्यांदा हा प्रश्न ऐकणारा माणूस दचकतोच. कुणाला वाटतं निवडणूक आली. टाकवे गावात तर एकाने घाबरून, "आमच्यात वाटण्या झाल्यात हो, तुम्ही थोरल्याला विचारा," असं सांगून दार लावून घेतलं होतं. मुरलीभाऊ ओट्यावर बसून राहिले. त्यांना फक्त मोटारीला एक डबी बसवायची होती.

आमची एक छोटी संस्था आहे. शेतकरी, लहान कारखानदार, ग्रामपंचायती यांच्यापर्यंत नवी यंत्रं पोचवायची, बसवून द्यायची आणि ती अडगळीत जाणार नाहीत असं बघायचं, हे आमचं काम. ऑफिस लोणावळ्यात, तुंगार्लीला, एका बंगल्याच्या गॅरेजमध्ये. शनिवार-रविवारी वर बंगल्यात मुंबईचे पाहुणे गाणी लावून नाचतात आणि खाली आम्ही मोटारीचा कुठला फेज गेला यावर वाद घालतो. अहवाल लिहिणं, त्यात फोटो चिकटवणं आणि वरिष्ठांच्या मेलला 'नोंद घेतली' असं उत्तर देणं हे माझं खातं. यंत्रं आणि माणसं मुरलीभाऊंकडे. त्यांनी अठ्ठावीस वर्षं एका कारखान्यात वायरमनकी केली. आता साठी उलटली, तरी शर्टाच्या खिशात टेस्टर आणि त्याच्या शेजारी कंगवा असतोच. केस मात्र फारसे उरलेले नाहीत.

या 'कुनाचं ऐकता'ची सुरुवात मोबाईल स्टार्टरपासून झाली. हा स्टार्टर म्हणजे मोटारीला बसवायची डबी. लाईट गेली, पाणी तुटलं, मोटार बंद पडली, की ती शेतकऱ्याला स्वतः फोन करते. मोठी सोयीची वस्तू. पण फोनवर बोलायची कोण, तर एक अतिशय सुसंस्कृत बाई. "प्रिय ग्राहक, आपल्या पंपाच्या वीजपुरवठ्यात अनियमितता आढळून आली आहे," असं ती इतक्या प्रेमाने सांगायची की लोकांना वाटायचं क्रेडिट कार्ड विकतेय. 'प्रिय' म्हटलं की फोन कट. मोटारी जळत राहिल्या आणि बाई नम्रपणे बोलत राहिली.

"हिचं कोन ऐकनार?" मुरलीभाऊ मला म्हणाले. "हिनं जन्मात कधी मोटार बघितलीय का? यंत्राला अक्कल आसंल, पन ओळख न्हाई त्याला."

मग त्यांनी त्या डबीचं पोट उघडलं आणि दोन दिवस त्यात डोकं घालून बसले. आत एक नखाएवढं कार्ड होतं आणि त्यावर आपल्याला हवा तो आवाज भरता येत होता. पहिला मान टाकव्याच्या बबनरावांना मिळाला. बबनराव पन्नाशीचे, दोन सुनांचे सासरे, ग्रामपंचायतीत सदस्य. ते फक्त आईचं ऐकतात हे सगळ्या गावाला माहीत होतं. मुरलीभाऊंनी ताराबाईंपुढे माइक धरला आणि म्हातारीने एका दमात सांगून टाकलं, "बबन्या, मोटार बंद पडलीय. आधी तिकडं जाऊन ये, मंग च्या." दुसऱ्याच दिवशी भर बैठकीत बबनरावांचा फोन वाजला आणि सदस्यमहाशय सरपंचांना न सांगता खिडकीजवळच्या दाराने पळत सुटले.

तेव्हापासून मुरलीभाऊ आवाजाच्या शोधात मावळभर हिंडू लागले. एका गुलाबाच्या पॉलीहाऊसवाल्याने, सोपानने, छाती काढून सांगितलं, "मी कुणाचंच ऐकत नाही." मागे त्याची बायको कांदा चिरत होती. मुरलीभाऊ म्हणाले, "वहिनी, जरा हिकडं या." आत उष्णता वाढली की ओरडायचं यंत्र होतं आणि त्यात बारा सेकंदांचा आवाज मावायचा. वहिनी अकरा मिनिटं बोलल्या. त्यात लग्नातल्या मानपानापासून सगळं आलं. मुरलीभाऊंनी ते छाटून छाटून शेवटी एवढंच ठेवलं, "आत लय तापलंय. आणि परवाचं मी विसरले नाही." सोपान आता काही झालं नसलं तरी दिवसातून चार वेळा पॉलीहाऊसमध्ये डोकावतो. फुलं टवटवीत आहेत.

लोणावळ्यातल्या एका चिक्कीच्या कारखान्यात गुळाचा पाक किती तापला हे सांगणारं यंत्र बसवलं. ते नुसतंच टूं टूं करायचं आणि भट्टीवरच्या चौघी बायका, "वाजतंय बाई काहीतरी," म्हणून गप्पा मारत बसायच्या. मुरलीभाऊंनी चौकशी केली. कळलं की या चौघींना हाताला धरून काम शिकवलं ते वस्तादांनी, आणि वस्ताद आता घरी बसलेत. वस्तादांना ऐकू येत नाही, त्यामुळे ते सगळ्या जगाला बहिरं समजून बोलतात. त्यांची आरोळी भरली, "जळतोय! जळतोय! उतरवा! बघताय काय टकामका!" पहिल्या दिवशी ती वाजली तेव्हा चौघींनी कढई तर उतरवलीच, पण बाहेर दुकानाच्या रांगेत उभ्या असलेल्या एका पर्यटकाने पाठीवरची बॅगही उतरवली.

आवाज भरायची मुरलीभाऊंची एक पद्धत होती. माइकपुढे माणसाला 'हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग' म्हणायला सांगितलं की तो ताठ होतो आणि सत्कारसमारंभात बोलतात तसं बोलू लागतो. म्हणून मुरलीभाऊ सांगायचे, "पयलं नुसतं 'जेवलास का' म्हना."

"ते का?" मी विचारलं होतं.

"ते म्हनताना कुनी खोटा आवाज काढत न्हाई," ते म्हणाले.

तर हे टेस्टिंगचं वाक्यही कार्डावर राहायचं. आणि यंत्र जिवंत आहे की मेलं हे कळावं म्हणून मुरलीभाऊंनी अशी जोडणी केली होती की प्रत्येक यंत्राने आठवड्यातून एका ठरलेल्या वारी, दुपारी एक वाजता, त्यांच्या स्वतःच्या फोनवर ते वाक्य वाजवायचं. रोज चार-पाच यंत्रांची हजेरी व्हायची. मला हे सुरुवातीला ठाऊक नव्हतं. मला एवढंच दिसायचं की एक वाजला की मुरलीभाऊ डबा समोर घेतात, पण उघडत नाहीत. मग फोन वाजतो. "जेवलास का रं?" असा म्हातारीचा आवाज गॅरेजभर घुमतो. मुरलीभाऊ, "बसतोय, बसतोय," म्हणतात, फोन ठेवतात आणि झाकण उघडतात. मग दुसरा फोन. "जेवलात का, भाऊजी?" "बसतोय, बसतोय." मग वस्तादांची आरोळी, "जेवला का रे!" आणि वरच्या बंगल्यातला कुत्रा भुंकायला लागतो.

मला वाटलं, केवढा हा गोतावळा! एकदा मी म्हणाले, "मुरलीभाऊ, घरी बरीच माणसं दिसतात."

"घरी?" ते हसले. "आमच्या घरी मी हाय आन् भिंतीवरचा मीटर हाय."

लग्न केलं नव्हतं. का, ते मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. फोन यंत्रांचे आहेत हे तेव्हा कळलं. मग मी तार्किक मुद्दा काढला, की यंत्राला उत्तर कशाला द्यायचं?

"इचारल्यावं उत्तर द्यावं मानसानं," ते म्हणाले आणि भाकरी मोडली.

मी आणखी आगाऊपणा केला. "आणि तुम्ही कुणाचं ऐकता?" त्यावर त्यांनी बराच वेळ खिशातला टेस्टर शोधला. टेस्टर खिशातच होता. "आमाला कोन सांगनार?" असं काहीसं पुटपुटून ते स्कूटर काढायला गेले.

सहा वर्षं हे असं सुखाने चाललं होतं. मग पुण्याच्या मुख्य ऑफिसातून साहेब आले. त्यांचं नाव लिहीत नाही, मला नोकरी करायची आहे. साहेब स्वभावाने चांगले, पण त्यांना सगळीकडे एकसारखेपणा लागतो. त्यांनी फोनवर सोपानच्या बायकोचं 'परवाचं मी विसरले नाही' ऐकलं आणि कपाळाला हात लावला.

"मुरलीधर, हे गोड आहे, पण सिस्टिम अशी चालत नाही. सगळ्या जिल्ह्यात एकच आवाज हवा. शुद्ध, स्पष्ट, नम्र. येत्या सोमवारी अपडेट येईल, त्यात हे सगळे आवाज पुसले जातील."

मुरलीभाऊंचा चेहरा एकदम उतरला. त्यांना साहेबांशी वाद घालताना मी कधी पाहिलं नव्हतं. त्या दिवशी पाहिलं.

"नम्र आवाजाला कोन भितंय, साहेब? पुन्यांदा लोक फोन कापतील, मोटारी जळतील. तुमी एकडाव टाकव्याला या. मी मोटार बंद पाडतो. फोन गेल्यापासनं पाच मिनिटात बबनराव न्हाई आला, तर बसवा तुमची बाई."

साहेब कबूल झाले. गुरुवार ठरला. आता इथे गप्प बसले असते तर मुरलीभाऊ कसले? बुधवारी त्यांनी, साहेब येणार म्हणून, सगळी कार्डं स्वच्छ करायला काढली. कार्डं तंबाखूच्या डबीत, चष्मा डोक्यावर. डबी टेबलावर उपडी झाली आणि चष्मा डोक्यावरच राहिला.

गुरुवारी साहेब आणि मुरलीभाऊ नदीकाठी मोटारीपाशी उभे राहिले. मी बबनरावांच्या ओट्यावर, हातात घड्याळ धरून. बबनरावांना काहीच सांगितलेलं नव्हतं. ते चहा पीत होते, शेजारी ताराबाई सुपात तांदूळ निवडत होत्या. मुरलीभाऊंनी तिकडे फ्यूज काढला. फोन वाजला. बबनरावांनी तो कानाला लावला आणि अर्ध्या गावाला ऐकू गेलं, "जळतोय! जळतोय! उतरवा! बघताय काय टकामका!"

हा तर वस्तादांचा पाक! बबनरावांनी आईकडे पाहिलं. आईचं तोंड मिटलेलं होतं.

"ह्यो कोन मेला वरडतोय?" ताराबाई म्हणाल्या.

पण बबनराव ते ऐकायला थांबलेच नव्हते. जळतंय म्हटल्यावर त्यांनी गोठ्यातली भरलेली बादली उचलली आणि अनवाणी सुटले. मागून मी, सँडल हातात घेऊन. बांधावरून, चिखलातून, कुणाच्या तरी मेथीतून. नदीकाठ दिसला तशी त्यांनी बादली मागे खेचली, आणि मुरलीभाऊ जिवाच्या आकांताने ओरडले, "पानी नगं! लाईट हाय! लाईट हाय!" बबनराव जागच्या जागी थांबले. पाण्याला थांबता आलं नाही. ते मोटारीऐवजी साहेबांवर गेलं.

साहेबांच्या चष्म्यातून थेंब पडत होते. मुरलीभाऊंनी आधी घड्याळ बघितलं.

"चार मिनिटं," ते म्हणाले आणि मग खांद्यावरचा टॉवेल पुढे केला.

साहेबांनी चेहरा पुसला. "तो आवाज आईचा नव्हता ना?"

"चिक्कीवाल्या वस्तादाचा व्हता. कार्डाची अदलाबदल झाली वाटतं."

"म्हणजे आवाज चुकला, निरोप चुकला, आणि तरी हा माणूस चार मिनिटांत आला?"

"मानूस मानसाच्या ओरडन्याला येतो, साहेब. काय म्हनला ते मागनं बघतो."

तेवढ्यात चिक्कीच्या कारखान्यातून मला फोन आला. तिथे पाक तापल्यावर ताराबाईंचा आवाज आला होता, "बबन्या, मोटार बंद पडलीय." चौघींनी बबन्या कोण याची चौकशी न करता कढई उतरवली होती. मी हे सांगितलं आणि साहेब हसायला लागले. इतके हसले की त्यांना बांधावर बसावं लागलं.

कपडे वाळेपर्यंत साहेब बबनरावांचा लेंगा घालून ताराबाईंच्या घरी जेवायला बसले. इंद्रायणीचा वाफाळता भात, वर आमटी. दुसऱ्या वाढीला साहेब विरघळले.

"आवाज राहू देत," ते म्हणाले. मी टाळीच वाजवणार होते. "पण एक तरी सुधारणा केली असं मला वर दाखवावं लागेल. ते टेस्ट कॉल कशाला, मुरलीधर? यंत्र चालू असलं की आता स्क्रीनवर हिरवा ठिपका दिसतो. ते बंद करून टाकू."

मला वाटलं, मुरलीभाऊ परत उसळतील. ते भात कालवत राहिले. कालवून झाला तरी कालवत राहिले.

"करा बंद," ते म्हणाले. "त्याचं काय एवढं. लोकांचं ऱ्हायलं म्हंजे झालं."

ताराबाई पळी घेऊन उभ्या होत्या. "कसलं बंद करताय?"

मी त्यांना सगळं समजावून सांगितलं. माइक टेस्टिंग, कार्ड, वार, एक वाजताचा फोन. म्हातारीने पळी भांड्यात ठेवली.

"म्हंजी मी सा वर्सं दर मंगळवारी ह्याला 'जेवलास का' इचारतीया, आन् मलाच ठावं न्हाई?"

"व्हय, मावशी," मुरलीभाऊ म्हणाले.

"आन् तू काय म्हनतूस?"

"बसतोय म्हनतो."

"मंग खातूस का न्हाई, ते कुनी बघितलंय?"

सगळे हसले. सगळ्यात मोठ्याने मुरलीभाऊ हसले.

सोमवारी अपडेट आलं. मंगळवारी एक वाजता मुरलीभाऊंनी डबा समोर घेतला. फोन वाजला नाही. स्क्रीनवर मावळभरची यंत्रं हिरव्या ठिपक्यांनी आपापल्या जागी जिवंत होती. मुरलीभाऊ ठिपक्यांकडे बघत होते. सव्वा झाला, दीड झाला.

"मुरलीभाऊ, डबा?" मी म्हणाले.

"बसतोय," ते मला म्हणाले. आणि डबा पिशवीत ठेवून कामाला निघून गेले.

आठवडाभर तेच. डबा भरून यायचा आणि भरलेलाच जायचा. एकदा त्यांना मळवली स्टेशनबाहेर कुत्र्यांना भाकरी घालताना आमच्या वॉचमनने पाहिलं. मला फार वाईट वाटलं. आणि रागही आला, जास्त करून माझाच. सहा वर्षं मी त्यांच्यासमोर बसून जेवत होते. एकदाही मी विचारलं नव्हतं. विचारायला यंत्रं होती ना. आता विचारावं म्हटलं तर माझं विचारणं दया आल्यासारखं वाटलं असतं, म्हणून मी नुसतीच लोणचं पुढे करायची. ते घ्यायचे नाहीत.

दुसऱ्या मंगळवारी बरोबर एक वाजता फोन वाजला.

मुरलीभाऊंनी तो इतक्या घाईने उचलला की टेस्टर खाली पडला.

"जेवलास का रं?" गॅरेजभर आवाज घुमला.

"बसतोय, बसतोय," मुरलीभाऊ म्हणाले आणि फोन ठेवला. मग माझ्याकडे वळले. चेहरा उजळला होता, पण आवाज तक्रारीचा काढला. "टाकव्याच्या मशिनला अपडेट लागलेलं दिसत न्हाई. जाऊन बघाया पायजे. पन आवाज काय स्वच्छ येतोय बगा!"

फोन पुन्हा वाजला.

"फोन कापतूस व्हय रं, मुरली?"

मुरलीभाऊ खुर्चीतून उठून उभे राहिले. मशिनला मुरली हे नाव माहीत असायचं कारण नव्हतं.

"मावशी?"

"मंग कोन, मोटार? मागला मंगळवार चुकला माजा, सोपानच्या बायकूचा नंबर मिळत नव्हता. आता गावोगावच्या समद्यांना इचारून पाळी लावलीया, पान्याला लावतो तशी. मंगळवार माजा, बुधवार तिचा, गुरुवारी वस्ताद. त्यांला काय सांगू नगंस, त्यांला ऐकाया येत न्हाई, नुसतं उत्तर दे. आता बोल. जेवलास का?"

मुरलीभाऊंनी 'बसतोय' म्हणायला तोंड उघडलं. मी पाहत होते. मग एका हाताने त्यांनी टेबल धरलं.

"न्हाई, मावशी," ते म्हणाले. "आज न्हाई जेवलो. आठ दिस झालं, दुपारचं जेवलोच न्हाई."

"वाटलंच मला. बस खाली. आधी खा, मंग बोलू. फोन ठिवू नगंस, मी हाय."

मुरलीभाऊ बसले. त्यांनी फोन पाण्याच्या बाटलीला टेकवून उभा केला, डबा उघडला आणि खाली मान घालून जेवायला लागले. फोनमधून टाकव्याच्या कोंबड्या आणि सुपात पाखडल्या जाणाऱ्या तांदळाचा आवाज येत होता. दुसऱ्या भाकरीला मुरलीभाऊंनी वर न बघता माझ्यापुढे हात केला आणि मी त्यावर लोणच्याची फोड ठेवली.